मास्तरांनी शिवलेली गरिबी

मास्तरांना गरीब दिसता येत नव्हतं. सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

गरीब असण्यात काही अडचण नव्हती. ते त्यांना वडिलांकडून शिलाई मशिनीसकट आयतंच मिळालं होतं. पण दिसणं? नाव काढू नका! पॅंटची इस्त्री अशी की कडेला बोट लावायला भीती वाटावी. कॉलर ताठ, बाह्या मनगटावर जिथल्या तिथे. मास्तर रस्त्याने निघाले की नवखा माणूस वाट सोडून उभा राहायचा, कुणी बँकेचे साहेब चाललेत समजून. आणि साहेब राहायचे कुठे, तर दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत, जिथे कपाट उघडायचं तर आधी खुर्ची उचलून बाहेर न्यावी लागे. "दुकानाची पाटी रंगवायची तर रंगारी पैसे मागतो," मास्तर म्हणायचे. "मी पाटी अंगात घालून फिरतो. फुकट!"

कोट शिवावा तर मास्तरांनीच, असं अर्धं गाव म्हणत होतं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला मास्तर स्वतः सांगत होते. समोरच्या बाजूला आणखी एक शिंपी बसायचा. बिचारा सरळ माणूस, पण नाकावर जाड भिंगांचा चष्मा. झालं, तेवढं मास्तरांना पुरायचं. "चष्मेवाल्याकडे कापड टाका आणि मग गंमत बघा. बटणं पाठीला येतील!" हा विनोद ते दिवसातून एकदा तरी करायचे. गिऱ्हाईक हसायचं. काज-बटणं करत आत बसलेली बायको मात्र हल्ली हसत नसे. जुना झालाय विनोद, असं लेकीला वाटायचं.

लेक म्हणजे मास्तरांचं एकुलतं एक अपत्य. कपड्यावर खडूने सरळ रेघ मारायला ती बोलायच्या आधी शिकली, असं मास्तर सांगायचे. म्हणजे थाप, पण रेघ खरोखरच सरळ यायची. बारावीनंतर तिने आर्किटेक्चरच्या परीक्षा दिल्या आणि शहरातल्या सगळ्यात महागड्या कॉलेजात तिचा नंबर लागला. सगळी इमारत काचेची. पुढे हिरवळ, आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी. तिथली फी ऐकून मास्तरांनी आधी विचारलं, "म्हणजे पाचही वर्षांची ना?" एका वर्षाची होती. कॉलेजने मोठ्या मनाने अर्धी माफ केली आणि फार गोड भाषेत कळवलं की उरलेली अर्धी बाहेरच्या शिष्यवृत्त्यांमधून उभी करावी. मुदतीत नाही भरलीत तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाईल, हेही तितक्याच गोड भाषेत.

इथे मामा आला. मामा म्हणजे लेकीचा मामा, मास्तरांचा मेहुणा, पक्का उंटावरचा शहाणा. स्वतःच्या मुलाला तीन वर्षं दहावीत बसवून ठेवलेला हा माणूस दुसऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणावर फार अधिकाराने बोलायचा. "अहो भावजी, शिष्यवृत्त्या पडून आहेत नुसत्या! न्यायला माणूस नाही म्हणून कुजतायत. ट्रस्ट आहेत, मंडळं आहेत. अर्ज टाकायचा, मुलाखतीला जायचं आणि घेऊन यायचं."

मास्तर पहिल्या मुलाखतीला गेले ते ठेवणीतला सूट घालून. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, गबाळं जाऊन कसं चालेल? समोर तीन सद्गृहस्थ बसले होते. त्यांनी लेकीला एक प्रश्न विचारला आणि मग मास्तरांच्या कोटाकडे बघत राहिले. "कुठून घेतलात हो?"

"घेतला नाही. शिवला. मी."

मग काय विचारता! तिघं खुर्च्या सोडून उठले. एकाने कॉलर चाचपली, एकाने अस्तर बघितलं. मास्तरांच्या खिशात टेप असायचाच. दोघांची मापं तिथल्या तिथे झाली आणि तिसरा शिलाईवरून घासाघीस करत राहिला. शिष्यवृत्ती गेली दुसऱ्याच एका मुलाला, ज्याचा बाप तुटक्या चपला ओढत आला होता.

मास्तर घरी आले ते फुशारक्या मारतच. बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीची फी आणायला गेलात आणि दोन गिऱ्हाइकं घेऊन आलात. धन्य आहे तुमची!"

मामा तर चवताळलाच. "भावजी, तिथे मागायला जायचं असतं, मिरवायला नाही! तुम्हाला बघून उलट त्यांनीच तुमच्याकडे देणगी मागितली नाही हे नशीब. गरीब दिसा हो जरा!"

म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मास्तरांना तर पैसे नसल्याचंही आणता येईना! घरात जुना कपडाच नव्हता. कॉलर झिजली की मास्तर ती उसवून उलटी लावायचे. पॅंट विरली की तिचा लेकीला स्कर्ट व्हायचा, स्कर्टची पिशवी आणि पिशवीचं मशीन पुसायचं फडकं. त्या फडक्यालासुद्धा दुमडून शिलाई मारलेली. या घरात फाटायची कुणाची टाप नव्हती. शेवटी शिंप्याने करायचं तेच मास्तरांनी केलं. त्यांनी गरिबी शिवायला घेतली.

निळ्या चौकडीचं उरलेलं कापड होतं. त्याचा नवा कोरा शर्ट शिवला. मग तो सोड्यात उकळला, उन्हात टाकला, दगडावर घासला. कोपरापाशी स्वतःच्या हाताने टरकावला, तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कुणी त्यांनाच चिमटा काढलाय. मग त्या भोकावर त्याच कापडाचं ठिगळ लावलं आणि शर्ट खुंटीला अडकवून सगळ्यांना दाखवला.

लेक जवळ जाऊन बघायला लागली. तिला नवल वाटलं. मास्तरांच्या हातच्या शर्टाचा खिसा कुठे संपतो आणि छाती कुठे सुरू होते हे हाताने चाचपूनच कळायचं, इतकी चौकडीला चौकडी जुळलेली असायची. आणि इथे ठिगळाच्या रेघा चक्क सरकलेल्या.

"बाबा, चौकडी जुळली नाही."

"मुद्दाम," मास्तर म्हणाले. "गरिबाची चौकडी कधी जुळते का?"

मामा खो खो हसला. लेकीने आईकडे बघितलं, कारण असल्या बोलण्यावर आईचं उत्तर ठरलेलंच असायचं. आई काजं करत होती. तिने मानही वर केली नाही. हे सगळं थेर तिला आवडलेलं नाही, असं लेक धरून चालली.

शर्ट झाला, आता निबंध. प्रत्येक ट्रस्टला विद्यार्थ्याचा निबंध लागायचा. विषय फिरवून फिरवून एकच: आमच्या हालअपेष्टा. लेकीने जे होतं ते लिहिलं. वडील शिंपी आहेत, आई काज-बटणं करते, दोघांनी मला कधी काही कमी पडू दिलं नाही. मामाने वाचून कागद खाली ठेवला. "हे काय? यात रडायला कुठे येतं?"

"कशाला यायला पाहिजे?"

"अगं, त्या समितीतले लोक काय वाचायला बसलेत का? रडायला बसलेत! त्यांना घरी कुणी रडू देत नाही. एखादा आजार घाल. आईला घाल काहीतरी."

"तुझ्या बायकोला घाल," आई आतून म्हणाली.

मास्तर इस्त्री करत होते. त्यांनी वर न बघताच सांगितलं, "नजर घाल."

"काय?"

"माझी नजर अधू होत चाललीय, असं घाल. शिंप्याची नजर गेली म्हणजे संपलंच सगळं. कुणालाही पटेल."

मामाने टाळी वाजवली. "याला म्हणतात डोकं! भावजी, तुम्ही शिंपी कसे झालात?"

लेक मात्र अडून बसली. आपण खोटं लिहिणार नाही, मग कॉलेज गेलं तरी चालेल. मास्तरांनी इस्त्री उभी केली आणि तिच्यासमोर येऊन बसले. "खोटं कुठंय बाळा? थोडं सैल सोडलंय. लहान पोरांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे शिवतो की नाही? तसं समज. कधी ना कधी सगळ्याच शिंप्यांची नजर जाते. आपण आधीच मापं घेऊन ठेवतोय."

असं गोड बोलून त्यांनी तिच्याकडून ते लिहून घेतलं. वर दुरुस्त्याही सुचवल्या. "इथे फार घट्ट झालंय, जरा मोकळं कर. आणि शेवट ढगळ आहे, दाबून घे." लेकीला हसू यायचं आणि रागही. पण यादीतला पुढचा मुलगा कॉलेजच्या दारात उभाच आहे, असं तिला सारखं दिसत होतं. तिने निबंध पाठवले.

नजर चालली हो! शर्ट आणि नजर मिळून असं काम झालं की मामा घरात छाती काढून फिरू लागला. औषधविक्रेत्यांच्या मंडळाने थोडे दिले, निवृत्त अधिकाऱ्यांच्या क्लबने थोडे दिले. एक ना धड, भाराभर चिंध्या. मास्तर प्रत्येक ठिकाणी तोच शर्ट घालून, खांदे पाडून पहिल्या रांगेत बसायचे. कार्यक्रम संपला की घरी येऊन आधी शर्ट काढायचे, आंघोळ करायचे आणि कडक इस्त्रीचे कपडे घालून दुकानात उभे राहायचे. अधिकाऱ्यांच्या क्लबात एकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवून "तुमच्यासारख्या लोकांचं कौतुक वाटतं" असं म्हटलं, तेव्हा मास्तर हात जोडून उभे राहिले. लेकीने खाली बघितलं. आपला बाप कुणापुढे वाकलेला तिने कधी पाहिला नव्हता, फक्त पॅंटची उंची मोजताना.

मग एक मोठा ट्रस्ट लागला. एवढा मोठा की त्याची एकट्याची रक्कम अख्ख्या उरलेल्या अर्ध्या फीला पुरत होती. त्याच्या अध्यक्षबाई म्हणजे गळ्यात मोत्यांची माळ, डोळ्यांत कायम तयार पाणी. मोठ्या सभागृहात त्यांनी लेकीला पुठ्ठ्याचा एक चेक दिला. तो घराच्या दारातून आत येईना इतका मोठा, म्हणून दुकानातच भिंतीला लावून ठेवला. पुठ्ठा आज घ्या, खरे पैसे वार्षिक समारंभात, अशी पद्धत होती. चेक देऊन झाल्यावर बाईंनी माईक हातात घेतला आणि त्यांचा गळा भरून आला.

"या मुलीचे वडील शिंपी आहेत. पण काय सांगू! त्यांच्या हातात कला आहे आणि डोळ्यांत प्रकाश नाही!"

सभागृहात नाकं शिंकरल्याचे आवाज आले. लेक बापाकडे बघायला गेली आणि तिची नजर मागच्या रांगांवर पडली. तिथे कोट बसले होते. ट्रस्टला देणग्या देणारे लोक म्हणजे कोट घालणारे लोक, आणि गावात कोट घालणारे लोक म्हणजे मास्तरांची गिऱ्हाइकं. सगळ्यांच्या अंगावर मास्तरांचीच शिलाई होती. आणि सगळे मास्तरांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून रांग लागली, पण उलटी. "मास्तर, ते कापड दिलं होतं ना, राहू दे. घाई नाही. तुम्ही आराम करा." एवढं बोलून माणूस कापड काखेत मारायचा, रस्ता ओलांडायचा आणि समोरच्या दुकानात शिरायचा. चष्मा आहे म्हणजे निदान दिसतं तरी! समोरचा शिंपी गोंधळून एकदा कापडाकडे आणि एकदा मास्तरांच्या दुकानाकडे बघायचा. मास्तरांना तोंड उघडायची सोय नव्हती. दिसतं म्हणावं तर शिष्यवृत्ती जाते, दिसत नाही म्हणावं तर धंदा गेलाच. ते दिवसभर पुठ्ठ्याच्या चेकशेजारी इस्त्रीचे कपडे घालून उभे राहायचे.

"पोरीचं होतंय ना," ते बायकोला म्हणायचे. "धंदा काय, परत येईल."

मग ते लेकीला घेऊन कॉलेजात गेले. सगळ्या ट्रस्टांची पत्रं फी भरायच्या खिडकीत ठेवली. अंगात तोच चौकडीचा शर्ट, न जाणो इथेही लागला तर. खिडकीतल्या माणसाने पत्रं वाचली आणि हसून म्हणाला, "वा! अभिनंदन. आता बाहेरून जेवढं मिळालंय, तेवढं आमच्या सवलतीतून कमी होईल."

मास्तरांना कळलं नाही. लेकीने विचारलं, "म्हणजे?"

"आम्ही अर्धी फी माफ केली ती तुम्हाला गरज होती म्हणून. आता तुम्हाला अर्धी बाहेरून मिळतेय. म्हणजे तुमची गरज तेवढी कमी झाली. मग आमची माफी कशाला?"

"म्हणजे आमची अर्धी भरायची राहिली ती राहिलीच?"

"हो, ती राहिली."

"आम्ही आणू तेवढं तुम्ही काढून घेणार?"

"काढून कुठे घेतोय? दुसऱ्या गरजूला देणार." माणूस खरंच सज्जन होता, त्याला वाईटही वाटत होतं. त्याच्या मागच्या भिंतीवर एक चकचकीत फलक होता: आमच्या विद्यार्थ्यांनी या वर्षी बाहेरून मिळवलेल्या शिष्यवृत्त्या. खाली लेकीचं नाव लावायला जागाही सोडलेली दिसत होती.

म्हणजे बघा! मास्तरांनी शर्ट फाडला, नजर घालवली, गिऱ्हाइकं घालवली, अनोळखी लोकांकडून पाठीवर हात फिरवून घेतले, ते सगळं कशासाठी? तर त्या काचेच्या इमारतीला आपल्या खिशातले पैसे खर्च करावे लागू नयेत म्हणून! तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणंसुद्धा नाही. घरी हे ऐकून मामा म्हणाला, "हे मला कुणी बोललं नव्हतं," आणि त्याला अचानक घरी काम निघालं.

मास्तर मशिनीसमोर बसून राहिले. मशीन चालवत नव्हते, नुसते बसले होते. लेकीला ते बघवेना. ती उठली, मास्तरांनी तिच्यासाठी शिवलेला सगळ्यात चांगला ड्रेस घातला आणि एकटी अध्यक्षबाईंकडे गेली. तिने ठरवलं होतं, सगळं खरं सांगून टाकायचं. शिष्यवृत्ती जाईल तर जाऊ दे, तशीही कॉलेजच गिळणार. निदान बाबांची गिऱ्हाइकं तरी परत येतील.

"तुमची शिष्यवृत्ती कॉलेजच कापून घेतंय. आणि माझ्या वडिलांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "निबंधात मी खोटं लिहिलं."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "असं कसं? आमचा अहवाल छापून झालाय."

"पण ते खोटं आहे."

"अगं, रंगीत छापलाय! फोटोसकट." बाई उठून खिडकीपाशी गेल्या, परत आल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "थांब. कॉलेज शिष्यवृत्ती कापतंय ना? मग आपण ती रद्दच करू. तसं पत्र कॉलेजला जाईल. तीच रक्कम तुझ्या वडिलांच्या डोळ्यांच्या उपचाराच्या खर्चापोटी देऊ. घरच्या आजारपणाला कॉलेज हात लावू शकत नाही. तुम्ही ती कशावर खर्च केलीत, हे आम्ही विचारणार नाही."

"पण आजारपणच नाहीये."

"मग उत्तमच की! लवकर बरे होतील. वार्षिक समारंभात आपण सगळ्यांना दाखवू, आमच्या मदतीने त्यांची नजर परत आली."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं ऐकलं होतं. इथे आंधळाही यांनीच केला आणि डोळेही हेच देणार! पण लेक काय बोलणार? फी भरली जाणार होती. भर सभेत नजर परत आली की गिऱ्हाइकंही परत येणार होती. कॉलेजला विनंती करून तिने समारंभापर्यंत मुदत वाढवून घेतली. आता सगळं त्या एका कार्यक्रमावर होतं.

मास्तर खूश! इतक्या दिवसांनी सूट घालायला मिळणार होता. दोनदा इस्त्री केली. "नजर परत आलेला माणूस कसा दिसतो ते बघाच," म्हणाले. बायकोने नुसतं विचारलं, "तिथे काय करायला लावणार आहेत?" "काय करायचंय? उभं राहायचं आणि हसायचं."

सभागृह भरलेलं होतं. मागच्या रांगांत सगळे कोट होते. अध्यक्षबाईंनी लेकीला आणि मास्तरांना रंगमंचावर बोलावलं. पाकीट त्यांच्या हातात तयार होतं, पण त्यांनी ते दिलं नाही. आधी एका पोरीने ट्रे आणला. ट्रेमध्ये एक सुई होती आणि काळा दोरा.

"ज्या डोळ्यांना काल सुई दिसत नव्हती," बाई माईकमध्ये म्हणाल्या, "ते आज तुमच्यासमोर दोरा ओवतील!"

पहिल्या रांगेत लेकीची आई अर्धवट उभी राहिली आणि परत बसली.

मास्तरांनी सुई उचलली. हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. दोऱ्याचं टोक ओठात धरून पिळलं आणि पुढे नेलं. चुकलं. पुन्हा नेलं, पुन्हा चुकलं. सभागृहाने श्वास रोखला. लेकीला मनातून हसू येत होतं. काय नाटक करतात बाबा! इतक्या वर्षांचा शिंपी, पण किती बेमालूम चाचपडतोय! मग तिला त्यांची ताठ कॉलर दिसली. ती घामाने भिजून मऊ पडली होती.

आणि मग तिला सगळंच दिसलं. चौकडीचं सरकलेलं ठिगळ. त्या वेळी न बोललेली आई. रोज सकाळी आई सुया ओवून उशीला टोचून ठेवते त्या, वेळ वाचतो म्हणून. आणि इस्त्री करता करता, वर न बघता म्हटलेलं, नजर घाल. जे बाबांना खरं म्हणून कुणालाच सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी खोटं म्हणून तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

मास्तरांनी तिसऱ्यांदा दोरा पुढे नेला आणि मग एकदम हात उंच करून, कसलेला शिंपी ओढतो तसा झोकात हवेत ओढला. "ओवला!"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोटवाले एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. अध्यक्षबाई हाताच्या अंतरावर होत्या, पण त्यांचं तोंड फोटोवाल्याकडे होतं. सुई मास्तरांच्या डाव्या चिमटीत होती आणि दोरा उजवीत. मध्ये काहीच नव्हतं. एवढ्या मोठ्या सभागृहात ते फक्त एका मुलीला दिसलं.

पाकीट मिळालं. टाळ्या चालूच होत्या. त्या गोंगाटात लेकीने बापाच्या हातातून सुई घेतली, दोरा घेतला, ओवला आणि सुई त्यांच्या कोटाच्या कॉलरला टोचून दिली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाली दोनेक वर्षं."

"मग निबंध लिहिताना सांगायचं ना, खरं आहे म्हणून!"

मास्तर समोर बघून हसत होते, फोटो निघत होता. "खरं आहे म्हटलं असतं तर तू लिहिलं असतंस?" ते ओठ न हलवता म्हणाले. "कॉलेज सोडून दुकानात येऊन बसली असतीस."

लेक खरोखरच बसली असती. फोटोत ती रडताना आली आहे. पुढच्या अहवालात तो पानभर छापला आणि खाली लिहिलं, आनंदाश्रू.

फी भरली. लेक कॉलेजला जाऊ लागली. मास्तरांची गिऱ्हाइकं दुप्पट परत आली, कारण नजर परत आलेला शिंपी गावात दुसरा नव्हता. त्यामुळे एक नवीनच घोळ झाला. चष्मा लावायची सोय कायमची संपली! सगळ्या गावादेखत बरे झालेले डोळे, त्यांच्यावर चष्मा चढवला तर ट्रस्टची अब्रू जाते आणि लेकीची पुढची चार वर्षंही. म्हणून दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये आता पडदा लावलाय. मास्तर बाहेर माप घेतात, टेप नुसता धरून माप बोटांच्या अंदाजाने ओळखतात, गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात, आणि कापड घेऊन पडद्याआड जातात. तिथे खुंटीवर एक चष्मा आहे, जाड भिंगांचा, एक काडी वाकडी. समोरच्या शिंप्याचा जुना. बायको एक दिवस रस्ता ओलांडून गेली आणि मागून घेऊन आली. त्या भल्या माणसाने कशाला हवाय एवढंही विचारलं नाही.

मास्तर तो नाकावर चढवतात, कात्री उचलतात आणि अजूनही म्हणतात, "चष्मेवाल्या शिंप्याकडे कोण कापड देतो, देव जाणे!"

सकाळी कॉलेजला निघण्याआधी सुया ओवायचं काम आता लेक करते. उशी भरली की पडद्याआड ठेवून येते.

"पुरतील ना गं?" मास्तर विचारतात.

"मी येईपर्यंत पुरतील," ती म्हणते, आणि त्या काचेच्या इमारतीत सरळ रेघा मारायला निघून जाते.